कुस्तीशौकीन राजा

कोल्हापूरच्या कोणत्याही जुन्या पेठेत जावे, तेथे एखादी तालीम आढळल्यावाचून राहत नाही. तालीम म्हणजे नुसती व्यायामशाळा नव्हे. पहाटे तेथे जोर-बैठकांचा घाम गळतो आणि दिवस मावळला म्हणजे तिच्याच कट्ट्यावर पेठेतील मंडळी येऊन बसतात. बोलण्याला आरंभ होतो तो बहुधा कुस्तीपासून. अमक्या पैलवानाने ढाक कशी मारली, तमक्याला पट काढण्याची संधी साधता आली असती की नाही, जोड बरोबरीची होती की विजोड, याचा खल चालतो. तो होता होता गोष्ट पावसापाण्यावर येते, गुळाच्या भावावर येते, वर्तमानपत्रातील ताज्या बातमीवर येते. मग एखादा पिकल्या मिशांचा वृद्ध मध्येच जुन्या नाटकमंडळीची किंवा संस्थानी काळाची हकीकत सुरू करतो, आणि कुस्तीचा निकाल बाजूला राहून इतिहासाचा वाद रंगतो. या गप्पांत एक नाव हटकून निघते. ते नाव राजर्षी शाहू छत्रपतींचे होय.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. आई राधाबाई त्यांच्या अगदी बालपणीच निवर्तल्या. पुढे १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर ते दत्तक आले आणि शाहू हे नाव त्यांना मिळाले. दोनच वर्षांनी वडील जयसिंगराव आबासाहेब यांचेही छत्र हरपले. दहा-बारा वर्षांच्या मुलाने दुःख गिळून राजा होण्याचे शिक्षण घ्यावे, असा तो प्रसंग होता. राजकोटचे राजकुमार महाविद्यालय आणि नंतर धारवाड येथे त्यांचा विद्याभ्यास झाला. धारवाडला फ्रेझर नावाचे इंग्रज अधिकारी त्यांचे शिक्षक होते. पुस्तकांबरोबर घोडदौड, शिकार आणि व्यायाम यांचीही गोडी त्यांना लागली. वयाबरोबर महाराजांचा देह असा भरला, की गर्दीतही ते दुरून ओळखू येत. २ एप्रिल १८९४ रोजी, विसाव्या वर्षी, त्यांनी राज्यकारभार हाती घेतला.

राजा तरुण होता आणि संकटे मात्र जुनी जाणती होती. १८९६ साली दुष्काळ पडला, त्याच्या पाठोपाठ प्लेग आला. महाराज राजवाड्यात बसून राहिले नाहीत. गावोगाव फिरून ते रयतेची स्थिती डोळ्यांनी पाहत. शेतकऱ्याशी त्याच्याच बोलीत बोलावे, त्याच्या बैलांची चौकशी करावी, ही त्यांची रीत होती. दरबारी भाषेची त्यांना अडचणच वाटे. माणसांना बोलते करण्याचा हा गुण त्यांना राज्य करताना फार उपयोगी पडला. कारण कारकुनाच्या कागदावर जे येत नाही, ते बांधावरच्या बोलण्यात येते.

महाराजांना कुस्तीचे विलक्षण वेड होते. मल्लाची चपळाई, डावाची निवड आणि अंगातला दम यांची त्यांना अचूक पारख होती. चांगला पैलवान दिसला, की तो कोणत्या मुलखाचा, कोणत्या धर्माचा, हे न पाहता त्याला ते आश्रय देत. पैलवानकी हे गरिबाच्या मुलाला न परवडणारे व्रत आहे. दूध, तूप, बदाम यांचा खुराक रोज लागतो आणि घरात तर एका भाकरीला चार तोंडे असतात. महाराजांनी हा खुराकाचा भार संस्थानावर घेतला. पंजाबकडील नामांकित मल्ल कोल्हापुरात येऊन राहू लागले. त्यांचे डाव पाहून करवीरची पोरे तयार झाली. गल्लीगल्लीतील तालमींना राजाश्रय मिळाला, आणि कोल्हापूर ही मल्लविद्येची पंढरी होऊन बसली.

१९०२ साली महाराज विलायतेला गेले. सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणाचे ते निमंत्रण होते. त्या प्रवासात युरोपातील अनेक शहरे त्यांनी पाहिली. रोम येथे प्राचीन काळचे कोलोसियम नावाचे विशाल क्रीडागार आहे. त्याची दगडी आसने लंबवर्तुळाकार असून एकाहून एक उंच चढत गेली आहेत, त्यामुळे हजारो माणसांना मधला खेळ एकाच वेळी पाहता येई. महाराजांनी ती रचना बारकाईने पाहिली आणि मनात साठविली. रोमच्या त्या रिंगणात माणसे आणि श्वापदे झुंजवून मारली जात. त्यातला आकार तेवढा महाराजांनी घेतला, क्रौर्य तेथेच राहिले.

परतल्यावर काही वर्षांनी कोल्हापुरात खासबाग येथे मैदानाचे काम सुरू झाले. १९०७ ते १९१२ या काळात ते पूर्ण झाले. मधोमध तांबड्या मातीचा गोल हौदा आणि त्याच्याभोवती उतरती बैठक, अशी त्याची मांडणी आहे. बैठक अशा उताराची, की अगदी शेवटच्या रांगेतील प्रेक्षकालाही पुढच्याच्या फेट्याआडून डोकवावे लागू नये. हौद्यातील मातीही साधी नसते. ती चाळून तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू असे पदार्थ मिसळतात, म्हणजे माती मऊ राहते आणि अंगाला झालेल्या खरचटण्याचा त्रास कमी होतो. कुस्तीच्या दिवशी हलगी कडाडू लागली, मल्लांनी शड्डू ठोकले, की हजारो कंठांतून एकच आरोळी उठे. खडाखडी लांबली तर तेवढ्यात शेजाऱ्याशेजाऱ्यांत वाद जुंपे, आणि एखादा चितपट झाला, की हरलेल्याच्या बाजूचे लोकही जिंकणाऱ्याच्या डावाचे कौतुक केल्यावाचून राहत नसत. हा कोल्हापूरकरांचा मोठा गुण म्हणावा लागेल.

महाराजांची रसिकता केवळ आखाड्यापुरती नव्हती. खासबागेला लागूनच त्यांनी एक भव्य नाट्यगृह उभारले. १९१५ साली ते तयार झाले. तेव्हा त्याला पॅलेस थिएटर म्हणत. १९५७ साली त्याला गायकनट केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. केशवराव हे कोल्हापूरचेच. गरिबीतून वर आलेले, महाराजांच्या लोभातले. गायनसम्राट अल्लादियाखाँ हे महाराजांच्या दरबारचे गवई होते. एका भिंतीपलीकडे मातीचा हौदा आणि अलीकडे संगीत नाटकाचा पडदा, असा हा शेजार जगात विरळाच असेल. पैलवानाने नाटक पाहावे आणि नटाने कुस्ती पाहावी, यात कोल्हापुरात कुणाला नवल वाटत नसे.

पण मैदानातील गर्दी पाहताना महाराजांच्या मनात एक शल्य सलत असे. हौद्यात उतरल्यावर अंगाला अंग भिडते; कुणाचा हात कुणाच्या मानेवर आणि कुणाची माती कुणाच्या पाठीवर. तेथे विटाळ मानला तर कुस्तीच होणार नाही. मैदानाबाहेर मात्र ज्यांना अस्पृश्य म्हणत, त्यांना पाणवठ्यावर जाण्याची बंदी, शाळेत वेगळे बसण्याची सक्ती आणि वाटेवरही अंग चोरून चालण्याची शिक्षा. ही गोष्ट महाराजांना सहन होईना. ते विलायतेत असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम निघाला होता. त्याच्या आधीपासूनच कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघू लागली होती. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठीही मिस क्लार्क वसतिगृह निघाले. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्यात आले. मुलांना शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड बसे. १९१९ साली सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळण्यास मनाई करणारे हुकूम सुटले.

हुकूम निघाला म्हणजे मन बदलले असे होत नाही, हे महाराज ओळखून होते. त्यांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचा एक नोकर होता. महाराज परगावी असताना त्याने पाण्याच्या हौदाला स्पर्श केला, म्हणून इतर नोकरांनी त्याला चाबकाने फोडून काढले. महाराज परत येताच गंगारामाने रडत सारी हकीकत त्यांच्या कानी घातली. महाराजांचा संताप अनावर झाला. अपराध्यांना त्यांनी शिक्षा केली, आणि गंगारामाला चाकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंदा काढण्यास सांगितले. गंगारामाने भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान थाटले. दुकान टापटिपीचे होते, चहा उत्तम होता. परंतु दुकानाचा मालक कोण हे कळताच लोक वाट वाकडी करून जाऊ लागले. चहाच्या पेल्याने धर्म बुडतो, असे त्यांना वाटे.

ही वार्ता महाराजांना कळली. कोल्हापुरात फेरफटका मारावयास निघाले म्हणजे त्यांची गाडी आता गंगारामाच्या दुकानापुढे थांबू लागली. महाराज भर रस्त्यात, सर्वांच्या देखत, त्याच्या हातचा चहा मागवीत आणि घेत. गाडीत बरोबर असलेल्या प्रतिष्ठित मंडळींनाही तोच चहा घ्यावा लागे. छत्रपतींनी घेतलेल्या चहाला नाही कसे म्हणावे? कुणी तो आवडीने घेतला, कुणी नाइलाजाने घेतला; पण घेतला. पुढे पुढे महाराजांकडे कामासाठी आलेल्या माणसांनाही, आधी गंगारामाच्या दुकानी जाऊन चहा घ्यावा, असे सांगण्यात येई. शेकडो व्याख्यानांनी जे झाले नसते, ते एका चहाच्या दुकानाने पुष्कळसे साधले.

याच काळात महाराजांवर एक दारुण आघात झाला. १९१८ साली त्यांचे धाकटे पुत्र शिवाजी हे शिकारीत अपघात होऊन मरण पावले. महाराज मनाने खचले, तरी हाती घेतलेले कार्य त्यांनी सोडले नाही. त्याच वर्षी महारवतनाची जुलमी पद्धत त्यांनी बंद केली. गुन्हेगार ठरविलेल्या जमातींना रोज हजेरी द्यावी लागत असे, तीही काढून टाकली. अस्पृश्य समाजातील माणसांना त्यांनी माहूत, गाडीवान आणि पोलीस म्हणून नेमले. कित्येकांना वकिलीच्या सनदा दिल्या. छत्रपतींच्या हत्तीवर महार समाजातील माहूत बसलेला पाहून शहरात कोणकोणत्या चर्चा झाल्या असतील, याची कल्पना करता येते.

लोकांनी बोलावे, वाचावे, वाद घालावा, हे महाराजांना हवेच होते. मुंबईत डॉ. भीमराव आंबेडकर यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक नावाचे पत्र सुरू केले, तेव्हा महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले. पुढे मार्च महिन्यात कागल भागातील माणगाव येथे अस्पृश्य समाजाची परिषद भरली. अध्यक्ष होते तरुण आंबेडकर. महाराज स्वतः तेथे उपस्थित राहिले, आणि तुम्हाला तुमच्यातलाच पुढारी लाभला आहे, या अर्थाचे बोलून त्यांनी जमलेल्या समुदायाचे अभिनंदन केले. स्वतःचे पुढारीपण दुसऱ्याच्या स्वाधीन करताना राजालाही मोठे मन लागते.

एकीकडे हे चालू असताना दुसरीकडे भोगावती नदीवर राधानगरी येथे धरणाचे काम सुरू होते. १९०६ साली शाहू मिलची स्थापना झाली होती. शाहूपुरी ही गुळाची व्यापारपेठ तर त्याहूनही जुनी. राधानगरीचे धरण पुरे झालेले पाहणे मात्र महाराजांच्या नशिबी नव्हते. ६ मे १९२२ रोजी मुंबई येथे त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी त्यांना अठ्ठेचाळिसावे वर्ष होते. कोल्हापूर त्या दिवशी पोरके झाले. पैलवान आणि गवई, शेतकरी आणि विद्यार्थी, सारेच पोरके झाले.

महाराजांनी लावलेले मल्लविद्येचे झाड पुढे फार फळले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकलेल्या खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिक सामन्यांत कुस्तीचे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. १९५९ साली श्रीपती खंचनाळे आणि १९६० साली गणपत आंदळकर हे कोल्हापूरच्या तालमींत घडलेले मल्ल हिंदकेसरी झाले. खासबागेशेजारचे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले. दुसऱ्याच दिवशी केशवराव भोसले यांची जयंती होती. वार्ता कळताच नाट्यरसिकांप्रमाणे कुस्तीशौकीनही तेथे धावले, आणि अनेकांचे डोळे पाणावले.

तालमींच्या कट्ट्यावरील गप्पा मात्र खंडित झालेल्या नाहीत. त्यांत आता फुटबॉलचीही भर पडली आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम अशी नावे धारण करणारे संघ मैदानात चेंडू खेळतात. काही तालमींत मोहरमचे पंजे बसतात आणि गणपतीही बसतो. सामना संपल्यावर रात्री उशिरापर्यंत पंचाच्या निर्णयावर वाद चालतो, मग महापुराची गोष्ट निघते, निवडणुकीची निघते, आणि कुणीतरी वृद्ध खासबागेतील एखाद्या जुन्या कुस्तीची हकीकत सांगण्यासाठी घसा साफ करू लागतो.