अंगणात आलेली शाळा : ताराबाई मोडक

रामकृष्णपुरम्‌च्या आसपासच्या वस्त्यांतून जाताना एखाद्या लहानशा खोलीवर ‘आंगनवाडी केंद्र’ अशी हिंदी पाटी दृष्टीस पडते. आमच्यापैकी काहींनी तर सरकारी कचेऱ्यांतून ह्या नावाच्या फायलीही हाताळल्या असतील. परंतु दिल्लीत रुळलेल्या ह्या शब्दाचे माहेर महाराष्ट्रात, तेव्हाच्या ठाणे व आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी-कोसबाड परिसरात आहे, ह्याची जाणीव आम्हां प्रवासी मराठी मंडळींना क्वचितच असते. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने, ज्यांच्या कार्यातून हा शब्द रूढ झाला त्या ताराबाई मोडक ह्यांचे पुण्यस्मरण करावे असे आम्हांस वाटले. त्याला आणखीही एक कारण आहे. ते शेवटी सांगू.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी केळकर घराण्यात झाला. घरात प्रार्थना समाजाचे सुधारकी वातावरण होते. ज्या काळी मुलीने चार इयत्ता शिकणे हेही नवल मानले जाई, त्या काळी, १९१४ मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठाची पदवी संपादन केली. विवाहानंतर त्या अमरावतीस गेल्या. परंतु तो संसार टिकला नाही आणि १९२१ मध्ये घटस्फोट झाला. लहानग्या कन्येला घेऊन स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचा प्रसंग आला. राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाची जबाबदारी त्यांनी स्वीकारली. पद मानाचे होते आणि आयुष्याला स्थैर्य देणारे होते.

त्याच सुमारास भावनगरला गिजुभाई बधेका हे वकिली सोडून बालशिक्षणाकडे वळलेले गृहस्थ नवा प्रयोग करीत होते. दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. इटलीतील डॉ. मारिया माँटेसरी ह्यांनी १९०७ साली रोममधील एका गरीब वस्तीत जे बालगृह उघडले, त्याच्या तत्त्वांवर हे बालमंदिर चालले होते. १९२३ मध्ये ताराबाईंनी राजकोटचे पद सोडले आणि त्या गिजुभाईंना येऊन मिळाल्या. आमच्यासारख्या परप्रांतात राहणाऱ्यांनी लक्षात घ्यावी अशी गोष्ट म्हणजे, ह्या मराठी विदुषीने गुजराती भाषा आपलीशी करून त्या भाषेत लेखन केले, नियतकालिकाच्या संपादनात भाग घेतला आणि १९२६ मध्ये गिजुभाईंसमवेत नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. पुढे ‘शिक्षणपत्रिका’ मराठीतही आणून तोच विचार त्यांनी आपल्या भाषेत पोहोचविला.

हा विचार तरी कोणता? मूल म्हणजे रिकामे भांडे नव्हे, की जे मोठ्यांनी भरावे. शिकण्याची ओढ मुलाच्या ठायी उपजतच असते. ती जागी ठेवणे हे शिक्षकाचे काम. परंतु धाक, मारझोड आणि बक्षिसाचे आमिष ह्यांनी नेमकी तीच मारली जाते. बालमंदिरातील एक साधे साधन पाहावे. लाकडी ठोकळ्यात लहानमोठ्या खोबणी असतात आणि त्यांत बसणारे दट्टे असतात. एखादा दट्ट्या चुकीच्या खोबणीत बसविला, तर शेवटी एक दट्ट्या असा उरतो की जो राहिलेल्या खोबणीत काही केल्या बसत नाही. चूक झाली हे बाईंनी सांगावे लागत नाही. हातातील वस्तूच ते सांगते. मूल पुन्हा सगळे काढते, पुन्हा बसविते, आणि जमले की कोणाकडे न पाहता तेच काम आणखी दहा वेळा करते. हा आनंद बक्षिसाचा नसून समजल्याचा असतो. बक्षिसासाठी शिकणारे मूल बक्षीस संपताच थांबते. समजण्याच्या आनंदासाठी शिकणारे मूल थांबत नाही. बालमानसशास्त्रातील ह्या तत्त्वावर ताराबाईंनी आपले आयुष्य उभे केले.

१९३६ मध्ये मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू झाला. तेथे मुलांबरोबरच शिक्षकही घडू लागले. मध्यमवर्गीय पालकांत बालशिक्षणाचा बोलबाला झाला. १९३९ मध्ये गिजुभाईंचे निधन झाल्यावर संघाची धुरा प्रामुख्याने ताराबाईंवर आली. एवढ्यावर त्या थांबल्या असत्या, तरी त्यांचे नाव इतिहासात राहिले असते. परंतु हे सारे शहरातील सुस्थितीतल्या मुलांनाच लाभत होते आणि परदेशी धर्तीची साधने खेड्यांना परवडणारी नव्हती, ही खंत त्यांना होती. म्हणून १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी बोर्डी गाठली आणि ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले. लवकरच अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालपणीच वैधव्य आलेल्या आणि जिद्दीने शिकलेल्या अनुताईंच्या रूपाने ताराबाईंना जन्माची सहकारी लाभली.

बोर्डीच्या परिसरात त्यांच्या तत्त्वाची खरी कसोटी लागली. केंद्र उघडले, साधने मांडली. परंतु गरिबांच्या वस्त्यांतील मुले काही येईनात. आईबाप पहाटेच मजुरीला जात. मुलांना अंघोळ घालून, कपडे घालून वेळेवर शाळेत कोण पाठविणार? अशा वेळी मुलांना शिक्षणाची गोडी नाही, पालक अडाणी आहेत, असे म्हणून हात झटकणे सोपे होते. ताराबाईंनी प्रश्न उलटा विचारला. मूल शाळेपर्यंत येत नसेल, तर शाळेने मुलापर्यंत का जाऊ नये? शिक्षिका वस्तीत गेल्या, कोणाच्या तरी झोपडीपुढचे अंगण झाडले, मुलांना गोळा केले, न्हाऊमाखू घातले, गाणी म्हटली, गोष्टी सांगितल्या. हीच अंगणवाडी. परदेशी साधनांच्या जागी शंखशिंपले, बिया, पाने आणि दगडगोटे आले. मोजायला शिकण्यासाठी चिंचोके पुरेसे होते.

१९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या पाड्यांमध्ये नेण्यात आले. तेव्हा ताराबाईंचे वय पासष्ट होते. येथील मुलांच्या अडचणी निराळ्या होत्या. घरची बोली एक, पुस्तकातील भाषा दुसरी. मोठ्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड, तर मुलाच्या मागे गुरे. तेव्हा धाकट्यासाठी पाळणाघर, मधल्यासाठी बालवाडी आणि मोठ्यासाठी प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी उभारण्यात आली. भावंडाला सांभाळण्याचे ओझे उतरले आणि मुलगी वर्गात बसू शकली. जी मुले गुरांमागे रानात जात, त्यांच्यासाठी शिक्षकच कुरणात गेले, ती कुरणशाळा. ज्या मुलांना जग मठ्ठ समजत होते, त्यांना झाडे, पाखरे व ऋतू ह्यांचे कितीतरी ज्ञान होते. शाळेने त्या ज्ञानापासून सुरुवात करताच मुलांची बुद्धी दिसू लागली.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविण्यात आले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. तो दिवस पाहण्यास ताराबाई नव्हत्या. कोसबाडचे काम अनुताईंनी १९९२ मध्ये आपल्या मृत्यूपर्यंत निष्ठेने चालविले.

आता दुसरे कारण. आमच्यासारख्या मंडळांतून गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. तो व्हावाच, मुलांच्या कष्टांचे कौतुक करण्यात गैर ते काय? परंतु त्या सभागृहात मागच्या रांगेत जी मुले गप्प बसून टाळ्या वाजवितात, त्यांचा विचार आम्ही कितीसा करतो? वडिलांच्या बदलीमुळे भर वर्षात शाळा बदललेले, घरी मराठी, रस्त्यावर हिंदी आणि वर्गात इंग्रजी अशा तीन भाषांत चाचपडणारे मूल मागे पडले, की आम्ही शेजारच्या मुलाच्या गुणांचा दाखला देतो, शिकवण्या वाढवितो, सायकलीचे आमिष दाखवितो. मुलाची वाट कोठे अडली आहे, हे मात्र विचारीत नाही. परीक्षा आणि स्पर्धा दिल्लीत टळणार नाहीत, हे आम्हीही जाणतो. तथापि घराचे अंगण आमच्या हाती आहे. सरकारी क्वार्टरला ते नसले, तरी संध्याकाळचा एक तास असतो. त्या तासात मुलाला जे येते तेथून प्रारंभ करावा, त्याची चूक त्यालाच सापडू द्यावी आणि बक्षीस बोलण्याआधी त्याच्याजवळ बसावे.

मूल शिकत नसेल तर शाळा हलवावी, असे ताराबाईंचे आयुष्य सांगते. पन्नाशी ओलांडताना आमच्या मंडळाने हा वारसा मनोभावे स्वीकारला, तर पुढील सत्कारसमारंभाच्या वेळी मागच्या रांगेतील मुलेही आमची वाटतील. ह्या थोर विदुषीच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.