सागरगडाच्या छायेतील सरखेल : कान्होजी आंग्रे

आपली वारासिवनी समुद्रापासून शेकडो कोस दूर. आपल्याला पाणी ओळखीचे ते वैनगंगेचे. तरीही यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही एका दर्यावीराचे चरित्र निवडले आहे.

अलिबागच्या पूर्वेस डोंगरावर सागरगड उभा आहे. माथ्यावरून अलिबागचा किनारा, कुलाबा किल्ला आणि दूरवर खांदेरी-उंदेरी दिसतात. 1665 च्या पुरंदरच्या तहात महाराजांना जे 23 किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत हाही होता. पुढे तो आंग्र्यांकडे आला आणि त्यांच्या दर्याचा पहारेकरी झाला.

आंग्र्यांचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी गावावरून ते आंग्रे झाले. वडील तुकोजी मराठ्यांच्या चाकरीत होते. कान्होजींचे बालपण सुवर्णदुर्गावर गेले. सिद्दीच्या वेढ्यात किल्लेदार फितूर होऊ लागला, तेव्हा तरुण कान्होजींनी पुढे होऊन किल्ला राखला. 1698 मध्ये सिधोजी गुजरांच्या पश्चात आरमाराची सूत्रे त्यांच्या हाती आली व ते सरखेल झाले.

शाहू महाराज आणि ताराबाई यांच्या वादात कान्होजी ताराबाईंच्या बाजूस होते. त्यांनी पेशवे बहिरोपंत पिंगळ्यांना कैदही केले. पण 1713 मध्ये कोकणचेच बाळाजी विश्वनाथ बोलणी करायला आले आणि तरवारीने न सुटलेला तंटा समेटाने मिटला.

कान्होजींच्या दस्तकाशिवाय कोकण किनाऱ्यावर जहाज फिरकले तर ते पकडले जाई. इंग्रज त्यांना चाचा म्हणत. आपल्या पाण्यावर आपला हक्क सांगणे हाच तो गुन्हा! इंग्रजांनी 1718 मध्ये खांदेरी, 1720 मध्ये विजयदुर्ग आणि 1721 मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाबा घेण्याचा प्रयत्न केला. तिन्ही वेळा त्यांना हात हलवीत परतावे लागले.

4 जुलै 1729 रोजी कान्होजी निवर्तले. त्यांची समाधी अलिबागेत आहे. थोरले पुत्र सेखोजी 1733 मध्ये गेले आणि संभाजी व मानाजी या भावांत वाटणीचे भांडण पेटले. पुढे तुळाजींचे पेशव्यांशी बिनसले. 1756 मध्ये पेशवे व इंग्रज एकत्र झाले आणि विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळाले. परक्यांना एकट्याने जे साधले नाही, ते घरच्या फुटीने साधून दिले.

दरवर्षी एका मंडपात जमणाऱ्या आपल्या कुटुंबांनी यातून काय घ्यायचे, ते आम्ही वेगळे सांगायला नको. बाप्पा सर्वांना सुबुद्धी देवो. गणपती बाप्पा मोरया!