डॉ. वसंत रामजी खानोलकर : कुष्ठरोगाचा माग नसांमध्ये काढणारे शास्त्रज्ञ


अंगावरचा एखादा फिकट डाग दुखत नाही, खाजत नाही, म्हणून आपण तो सोडून देतो. पण न दुखणं हेच कधी कधी धोक्याचं लक्षण असतं. असं का, हे ज्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईनं पाहिलं, त्या डॉ. खानोलकरांची आज ओळख करून घेऊ.

जन्म आणि शिक्षण

डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी क्वेट्टा येथे झाला. हे शहर आज पाकिस्तानात आहे. लंडन विद्यापीठातून त्यांनी १९२३ मध्ये विकृतिशास्त्रात एम.डी. पदवी मिळवली. विकृतिशास्त्र म्हणजे आजारपणात शरीरातल्या पेशींमध्ये काय बदल होतात, त्याचा अभ्यास. परत आल्यावर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि नंतर सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात त्यांनी शिकवलं. १९४१ मध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. तंबाखूच्या सवयी आणि तोंडाचा कर्करोग यांच्या संबंधावर त्यांनी महत्त्वाचं काम केलं.

कुष्ठरोग हा त्यांच्या अभ्यासाचा दुसरा मोठा विषय. तो समजायला आधी आपल्या नसांची रचना बघू.

नस आणि ऊस

आपल्या सातारा-सांगलीकडं उसाची कांडी कुणी पाहिली नाही असं मूल सापडणार नाही. उसाला कांड्या असतात, दोन कांड्यांच्या मध्ये सांधा असतो आणि कांडीभोवती पाचट घट्ट लपेटलेलं असतं. नसेतला धागा म्हणजे अक्षतंतू साधारण असाच दिसतो. त्याच्याभोवती मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टण असतं आणि ठरावीक अंतरावर छोट्या मोकळ्या जागा असतात. संदेश एका मोकळ्या जागेवरून दुसरीकडे उड्या मारत जातो, त्यामुळे तो फार वेगानं पोहोचतो. वेष्टण नसलेल्या बारीक धाग्यात संदेश सेकंदाला एखादा मीटर जातो, तर जाड वेष्टण असलेल्या धाग्यात १०० मीटरपर्यंत!

हे वेष्टण कोण घालतं? हातापायांच्या नसांमध्ये हे काम श्वान पेशी करतात. नाव ऐकून हसू येईल, पण याचा कुत्र्याशी काही संबंध नाही बरं का! थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून ते नाव पडलं. श्वान पेशी आधी धाग्याला चिकटते. मग आपला चपटा पदर पसरून त्याच्याभोवती वेढे घेते. हे फेटा बांधल्यासारखंच, पण एक फरक आहे. फेट्याचा नवा वेढा बाहेरून येतो. इथं पदराची आतली कड धाग्यालगत पुढे पुढे सरकते आणि नवा वेढा आतून तयार होतो. वेढ्यांमधला द्रव निघून जातो आणि पापुद्रे एकमेकांवर घट्ट बसतात. श्वान पेशीचा पदर असा गुंडाळला जातो, ही कल्पना १९५४ मध्ये बेटी गेरेन या संशोधिकेनं कोंबडीच्या पिलांच्या भ्रूणांवरून मांडली.

एक श्वान पेशी एकाच धाग्याच्या एकाच तुकड्यावर वेष्टण घालते. मेंदूत आणि मज्जारज्जूत मात्र वेगळ्या ग्लायल पेशी असतात. त्यातली एकच पेशी अनेक हात पसरून कितीतरी धाग्यांना वेढे घालते. अगदी बारीक धाग्यांना वेढे नसतातच. असे अनेक धागे एकाच श्वान पेशीच्या खाचांमध्ये वसतात. ऊन-गार आणि वेदना कळवण्याचं बरंचसं काम हे बारीक धागे करतात.

खानोलकरांनी काय दाखवलं?

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्येच शोधला होता. पण हा रोग शरीरात सुरू कुठं होतो? खानोलकरांनी रुग्णांच्या अगदी सुरुवातीच्या डागांमधले त्वचेचे छोटे तुकडे तपासले. त्यातल्या केसापेक्षाही बारीक नसांचा माग काढला, तर जंतू तिथंच सापडले. हा अभ्यास १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. कुष्ठरोगाकडं केवळ कातडीचा रोग म्हणून न पाहता नसांचा रोग म्हणून पाहायला त्यामुळे बळ मिळालं.

जंतू धाग्याच्या आतूनच वर सरकतात, असं त्यांना वाटत होतं. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं दाखवलं, की जंतूंचं मुख्य घर श्वान पेशी आहे. तपशील बदलला, पण रोगाची सुरुवात नसेत शोधायची ही दिशा बरोबर ठरली. विज्ञान असंच पुढे जातं.

१९५२ मध्ये सुरू झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संस्थापक संचालक होते. पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे या त्यांच्याच विद्यार्थिनी. त्यांनीही कर्करोग आणि कुष्ठरोगावर संशोधन केलं. सरकारनं खानोलकरांना पद्मभूषण दिलं. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचं निधन झालं.

आपण काय लक्षात ठेवायचं?

श्वान पेशी बिघडली, की नस हळूहळू मरते. मग गरम तवा हाताला लागला तरी कळत नाही. जखम चिघळते, बोटं वाकडी होतात. लोकांना हीच वाकडी बोटं दिसतात आणि भीती वाटते. खरं तर हा पूर्वजन्मीच्या पापाचा भोग नाही, तो जंतूमुळे होणारा आणि पूर्ण बरा होणारा आजार आहे. सरकारी दवाखान्यात सहा किंवा बारा महिन्यांच्या गोळ्या मोफत मिळतात. मात्र मेलेली नस गोळ्यांनी परत येईलच असं नाही, म्हणून लवकर दाखवणं महत्त्वाचं. ऊसतोडीला फिरणाऱ्या कुटुंबांनी तर गोळ्या मध्येच बंद पडणार नाहीत याची खास काळजी घ्यावी.

शाळेत तपासणीला ताई आल्या, की डाग लपवू नका. वर्गातल्या कुणाला असा डाग असेल तर त्याला चिडवू नका, त्याच्या शेजारी बसा.

विचार करा आणि लिहा
१. फेटा बांधणे आणि श्वान पेशीचे वेढे यांत कोणता फरक आहे?
२. कुष्ठरोगाचा डाग दुखत का नाही?
३. उसाची कांडी समोर ठेवून अक्षतंतूची आकृती काढा. मोकळ्या जागा दाखवा.