धान्य सावकाराच्या बळदात अन् आकडा त्याच्या वहीत : शेतकऱ्याचा हिशोब तपासणारे न्यायमूर्ती रानडे

चार वर्षांपूर्वी मी 22 पोती सोयाबीन एका व्यापाऱ्याच्या गोदामात ठेवलं आणि त्यावर उचल घेतली. भाव वाढला की विकू, असा विचार. दिवाळीनंतर हिशोबाला गेलो तर त्याच्या वहीत 20 च पोती. पावती मी मागितली नव्हती, त्यानं दिली नव्हती. वकिलाकडे गेलो तेव्हा तो म्हणाला, कागद नाही तर केस नाही. बोलता बोलता त्यानंच न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचं नाव काढलं.

शाळेच्या पुस्तकात रानडे म्हणजे समाजसुधारक. सावकारीची दप्तरं तपासत गावोगाव फिरलेले रानडे आपल्याला कुणी शिकवले नाहीत.

रानड्यांचा जन्म 18 जानेवारी 1842 चा, नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा. बालपण कोल्हापुरात गेलं, शिक्षण मुंबईत. कायद्याची पदवी घेऊन 1871 मध्ये ते पुण्यात न्यायाधीश म्हणून आले. सार्वजनिक सभा आदल्याच वर्षी सुरू झाली होती. सरकारी नोकरी सांभाळून रानडे सभेच्या कामात पडले आणि सभेनं शेतकऱ्यांच्या हालाची माहिती जमवायला घेतली.

हाल काय होते? अमेरिकेतली लढाई 1865 ला संपली अन् आपल्या कापसाचा भाव पडला. शेतसारा मात्र वाढवला. सारा भरायला सावकार, बियाण्याला सावकार, लग्नाला सावकार. पीक निघालं की धान्य थेट सावकाराच्या घरी. माप त्याचं, भाव त्याचा, लिहिणार तोच. कुणब्याला वाचता येत नव्हतं. पोती जात राहिली, कर्ज तेवढंच. वर दर तीन वर्षांनी मुदत संपायची म्हणून नवा रोखा, त्यात व्याज मुद्दलात मिळवलेलं. कोर्टात रोख्यावरचा आकडा खरा, बळदात गेलेलं धान्य कुणी विचारायचं नाही.

12 मे 1875 ला सुप्याच्या बाजारात भडका उडाला. लोकांनी सावकारांची खतं, रोखे काढून जाळले. पुणे, नगरच्या गावागावांत लोण गेलं. सरकारनं चौकशी आयोग नेमला अन् 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला.

त्याच साली वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडामुळे सरकारला पुण्याच्या पुढाऱ्यांचा संशय होता. रानड्यांची आधी नाशिकला बदली झाली होती, मग धुळ्याला पाठवलं. पण दोनच वर्षांत, 1881 मध्ये, याच कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करायला सरकारला तेच लागले. 1887 ला ते या कायद्याचे खास न्यायाधीश झाले.

कायद्यातली कलमं ऐकण्यासारखी आहेत. कोर्टानं नुसता रोखा बघायचा नाही, व्यवहार पहिल्या दिवसापासून उकरायचा. मुद्दल वेगळं, व्याज वेगळं, व्याजावर व्याज नाही. सावकाराला जे जे मिळालं, पैसा असो, उत्पन्न असो, फुकट करून घेतलेलं काम असो, त्याची किंमत कोर्टानं ठरवायची अन् कर्जातून वजा करायची. फेडीची पावती द्यायची, वर्षाचा हिशोब लिहून द्यायचा. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद. खास गहाण नसलेली जमीन जप्त करता येणार नाही.

दाव्याआधी समेट करायला पंच, छोट्या दाव्यांना गावमुन्सफ. या सगळ्यांची दप्तरं तपासायला रानडे फिरतीवर असायचे. मोठा माणूस, पण काम असं किचकट! कुठं नोंद राहिली, कुठं हिशोब उरकून टाकला, हे बघायचं. पत्नी रमाबाईही फिरतीत बरोबर असायच्या.

सावकारही गप्प बसले नाहीत. गहाणखताऐवजी खरेदीखतच लिहून घ्यायला लागले. नुसत्या कायद्यानं भागणार नाही, शेतकऱ्याला स्वस्त कर्ज पाहिजे, हे रानड्यांना दिसत होतं. म्हणून विल्यम वेडरबर्न यांच्या शेतकी बँकेच्या योजनेला त्यांनी जोर लावला. पुरंदर तालुक्यात प्रयोग करायचं ठरलं. इथल्या सरकारनं होकार दिला, लंडननं नाकारलं. माझ्या मते रानड्यांच्या आयुष्यातला आपल्या दृष्टीनं सगळ्यात मोठा नकार हाच.

1893 मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. 16 जानेवारी 1901 ला गेले. सहकारी पतसंस्थांचा कायदा आला 1904 ला, ज्यातून आपल्या गावची सोसायटी निघाली.

माझ्या दोन पोत्यांचं काही झालं नाही. यंदा तूर वखार महामंडळाच्या गोदामात टाकली. तिथं वजन करून पावती देतात आणि त्या पावतीवर बँक कर्ज देते.