नागपूरचा संस्थापक : राजा बख्त बुलंद शहा

नाग नदीच्या काठी वसलेले नागपूर आज महाराष्ट्राची उपराजधानी म्हणून प्रसिद्ध आहे. भोसल्यांची राजधानी, पुढे १८६१ पासून मध्यप्रांताची राजधानी, असे अनेक मान या नगराला मिळाले. परंतु त्याचा पाया ज्याने घातला, त्या गोंड राजाचे चरित्र मात्र पुष्कळांस ठाऊक नसते. मुलांनो, त्या राजाचे नाव बख्त बुलंद शहा.

सातपुड्याच्या डोंगरात, आजच्या छिंदवाडा जिल्ह्यात, देवगड नावाचा किल्ला आहे. गर्द अरण्याने वेढलेल्या या गडावर जाटबा या पराक्रमी पुरुषाच्या वंशातील गोंड राजे राज्य करीत. त्याच घराण्यात बख्त बुलंदाचा जन्म झाला. त्या काळी गोंड राज्यांवर दिल्लीच्या बादशहाची सत्ता होती. ठरलेली खंडणी न पोचली की मुघल फौज दाराशी येऊन उभी राही. त्यातच घरात गादीसाठी भाऊबंदकी माजली. तेव्हा हा तरुण राजपुत्र न्याय मागण्यासाठी थेट औरंगजेबाच्या दरबारी गेला. तेथे त्याने इस्लाम धर्म स्वीकारला आणि १६८६ मध्ये बादशहाने त्यास 'बख्त बुलंद' ही पदवी देऊन देवगडचे राज्य बहाल केले. या पदवीचा अर्थ 'थोर भाग्याचा' असा आहे. धर्म बदलला तरी गोंड बांधवांशी असलेले सोयरसंबंध मात्र त्याने तोडले नाहीत.

परंतु दुसऱ्याने दिलेले भाग्य दुसराच हिरावून घेऊ शकतो, याचा अनुभव त्यास लवकरच आला. १६९१ मध्ये बादशहाने त्यास पदच्युत केले, दीनदार नावाच्या दुसऱ्या वारसास गादीवर बसविले आणि बख्त बुलंदास आपल्या छावणीत नजरेखाली ठेवले. कित्येक वर्षे अशी पराधीनतेत गेली. अखेर संधी साधून तो निसटला व आपल्या डोंगराळ मुलखात परतला. त्याने फौज जमविली, मराठ्यांशी संधान बांधले आणि मुघलांच्या प्रदेशावर स्वाऱ्या केल्या. बादशहाचा संताप अनावर झाला. त्याने फर्मान काढले, की यापुढे या बंडखोरास 'बख्त बुलंद' न म्हणता 'नगून बख्त', म्हणजे करंटा, असे म्हणावे!

अशा फर्मानाने का कोणी करंटा ठरतो? राजाने आपले राज्य पुन्हा हस्तगत केले. आपल्या मुलखापलीकडचे जग त्याने डोळसपणे पाहिले होते. डोंगरातील गड लढाईच्या वेळी आश्रय देतो. परंतु शेती, व्यापार आणि कारागिरी यांना मैदानच हवे, हे त्याने ओळखले. देवगडच्या दक्षिणेस काळ्या, कसदार जमिनीचे विस्तीर्ण मैदान होते. तेथील राजापूर, लेंढरा, फुटाळा, सीताबर्डी अशा लहान लहान बारा खेड्यांना एकत्र करून १७०२ च्या सुमारास त्याने नवे नगर वसविले. नदीच्या नावावरून त्यास नागपूर हे नाव पडले. राजाने रस्ते आखले, तटबंदीस प्रारंभ केला आणि निरनिराळ्या प्रांतांतून शेतकरी, कारागीर व व्यापारी बोलावून त्यांस आश्रय दिला. हिंदू असो वा मुसलमान, जो उद्योगी असेल त्यास त्याच्या राज्यात जागा होती. ओसाड रानात नांगर फिरू लागले, बाजार भरू लागले.

बख्त बुलंदानंतर त्याचा पुत्र चांद सुलतान याने पित्याचे कार्य पुढे नेले. त्याने नागपुरास आपली राजधानी केले, नगराभोवती तट उभारला आणि पाणी अडवून जुम्मा तलाव बांधविला. चांद सुलतान १७३९ मध्ये मरण पावताच गादीसाठी पुन्हा कलह पेटला. विधवा राणी रतनकुंवर हिने वऱ्हाडातून रघूजी भोसले यांस साहाय्यार्थ बोलाविले आणि या कलहाचा शेवट १७४३ मध्ये नागपूर भोसल्यांच्या हाती जाण्यात झाला. बाहेरच्या शत्रूने जे साधले नाही, ते घरातील भांडणाने साधले.

आज देवगडावर भग्न वाडे आणि पाण्याची टाकी तेवढी उरली आहेत. नागपुरात मात्र जुन्या खुणा अजून भेटतात. महाल भागातील जुम्मा दरवाजा आता गांधी दरवाजा म्हणून ओळखला जातो, तर जुम्मा तलावास गांधीसागर म्हणतात. त्या दरवाजाखालून जाताना क्षणभर थांबा आणि या गोंड राजाचे स्मरण करा. बादशहाने त्यास भाग्यवान म्हटले व नंतर करंटाही म्हटले. पण या दोन्ही पदव्या काळाच्या उदरात गडप झाल्या. त्याने वसविलेले नगर मात्र लाखो लोकांना आश्रय देत आजही उभे आहे.