मिखाइल बोंगार्ड

एका कागदाच्या मध्यभागी उभी रेघ ओढलेली आहे. रेघेच्या डाव्या अंगास सहा लहान चौकटी आहेत आणि उजव्या अंगासही सहा चौकटी आहेत. डावीकडील प्रत्येक चौकटीत एकेक त्रिकोण काढलेला आहे. कोणता लहान आहे, कोणता मोठा. कोणता सरळ उभा आहे, तर कोणता एका बाजूस कललेला. उजवीकडील चौकटींतही लहानमोठ्या आकृत्या आहेत. परंतु त्यांतील प्रत्येकीला चार बाजू आहेत. कागदावर प्रश्न असा लिहिलेला नाही. डावीकडील सर्व चित्रांत असे काय आहे, की जे उजवीकडील एकाही चित्रात नाही, हे पाहणाऱ्याने ओळखावयाचे असते.

मुलांनो, हे कोडे तुम्ही क्षणात सोडवाल. डावीकडे त्रिकोण आणि उजवीकडे चौकोन, असे उत्तर तुम्ही लगेच द्याल. परंतु ते उत्तर तुम्हांला सुचले कसे? आकृती लहान की मोठी हे पाहू नये, ती कललेली आहे की सरळ हेही पाहू नये, केवळ बाजू मोजाव्यात, असे तुम्हांला कोणी सांगितले होते काय? कोणीच सांगितले नव्हते. मग काय पाहावे आणि काय सोडून द्यावे, हे मनाला कळते तरी कसे? वरवर साध्या दिसणाऱ्या या प्रश्नाने एका शास्त्रज्ञाला आयुष्यभर ओढ लावली. त्यांचे नाव मिखाइल मोइसेयेविच बोंगार्ड.

बोंगार्ड यांचा जन्म १९२४ साली रशियातील मॉस्को या शहरी झाला. सोव्हिएत संघाच्या विज्ञान अकादमीत त्यांनी संशोधन केले. प्रारंभी त्यांच्या अभ्यासाचा विषय होता डोळा. प्राण्यांना रंग कसे दिसतात, हे त्यांना जाणून घ्यावयाचे होते. माणसाला दोन रंग दाखवून, ते सारखे दिसतात की वेगळे, असे विचारता येते. पण बेडकाला कसे विचारणार? बोंगार्ड व त्यांचे सहकारी स्मिर्नोव्ह यांनी यासाठी मोठी चतुर रीत योजिली. बेडकाच्या डोळ्यापुढे ते एक प्रकाश धरीत आणि एकाएकी त्याच्या जागी दुसऱ्या रंगाचा प्रकाश आणीत. डोळ्याला दोहोंतील फरक जाणवला, तर दृष्टीच्या मज्जातंतूत विजेचा अतिसूक्ष्म संदेश उमटे. मग ते दुसऱ्या प्रकाशाची तीव्रता हळूहळू कमीअधिक करीत. तो संदेश नाहीसा झाला, की समजावे, आता त्या तंतूला दोन्ही प्रकाश सारखेच भासत आहेत. अशा रीतीने मुका प्राणीही आपल्याला कोणता भेद कळतो आणि कोणता कळत नाही, याची साक्ष देऊ लागला.

भेद ओळखणे हाच त्यांच्या पुढील कार्याचाही विषय ठरला. त्या काळी संगणक नवे होते. एकेक यंत्र सबंध खोली व्यापून टाकी. मोठमोठे गुणाकार आणि भागाकार ते निमिषमात्रात करी. परंतु कागदावर काढलेले अक्षर ओळखणे त्याला साधत नसे. लहान मूल जे सहज करते, ते या बलाढ्य यंत्राला का जमू नये, असा विचार बोंगार्ड यांच्या मनात आला आणि यंत्राला ओळखावयास शिकवण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले.

यंत्राला पुष्कळ चित्रे पाठ करावयास लावली तर भागणार नाही काय, असे कोणाला वाटेल. एक लहानसा हिशेब करून पाहा. एका चित्राचे १०० बारीक चौरस पाडले आणि प्रत्येक चौरस काळा किंवा पांढरा ठेवावयाचा असे ठरविले, तर निरनिराळी चित्रे किती होतील? ती संख्या लिहावयास ३१ अंक लागतात! इतकी चित्रे कोणते यंत्र पाठ करील? शिवाय पाठ केलेले चित्र किंचित बदलले, की पाठांतर व्यर्थ होते. तेव्हा यंत्राला उत्तरे पुरवून उपयोग नाही. थोडी उदाहरणे पाहून त्यांतील नियम त्याने स्वतः शोधून काढला पाहिजे, हे बोंगार्ड यांनी जाणले. आणि यंत्राची परीक्षा घ्यावयाची, ती त्याने पूर्वी न पाहिलेल्या उदाहरणांवरच घेतली पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष होता.

बोंगार्ड आणि त्यांचे सहकारी यांनी आरंभ संख्यांपासून केला. त्यांनी संगणकासाठी ‘अंकगणित’ नावाची एक आज्ञावली रचली. तिला तीन-तीन संख्यांच्या ओळी दाखवीत. समजा, एका गटात ३, ४, ७ आणि ५, ६, ११ अशा ओळी आहेत आणि दुसऱ्या गटात ३, ४, १२ आणि ५, ६, ३० अशा. पहिल्या गटात बेरीज आहे आणि दुसऱ्यात गुणाकार, हे तुम्ही ओळखलेच असेल. यंत्राला मात्र हे कोणी सांगत नसे. ते निरनिराळ्या क्रिया करून पाही, निरुपयोगी खुणा टाकून देई आणि उपयोगी तेवढ्याच राखून ठेवी. नंतर नवी ओळ समोर आली, की ती कोणत्या गटातील हे ते सांगे.

पुढे या विद्येचा उपयोग जमिनीखालचे तेल शोधण्याच्या कामी झाला. खोल विहीर खणली असता लागलेल्या थरात तेल आहे की नुसते पाणी, हे वरून दिसत नाही. हाती असतात ती केवळ उपकरणांनी घेतलेली मोजमापे. ‘कोरा’ नावाची आज्ञावली त्या मोजमापांतील तीन-तीन खुणा एकत्र जुळवी आणि त्या केवळ तेलाच्याच थरांत एकत्र आढळतात किंवा कसे, हे तपासून पाही.

परंतु एवढ्याने बोंगार्ड यांचे समाधान झाले नाही. मोजमापांच्या कोष्टकापेक्षा डोळ्यांना दिसणारे जग फार विविध आहे, हे ते जाणून होते. १९६७ साली त्यांनी ‘ओळखण्याची समस्या’ या विषयावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याच्या शेवटी भावी यंत्रांसाठी १०० चित्रकोडी जोडली. आरंभी सांगितलेले त्रिकोण आणि चौकोन यांचे कोडे त्यांपैकीच एक होय.

या कोड्यांची वर्गवारी करू लागले, की त्यांतील खुबी ध्यानात येते. काही कोडी एकट्या आकृतीच्या गुणावर आधारलेली आहेत. उदाहरणार्थ, एकीकडे मोठ्या आकृत्या, तर दुसरीकडे लहान; किंवा एकीकडे नुसती कडा काढलेली, तर दुसरीकडे आतून भरलेली आकृती. काहींत संख्या महत्त्वाची असते : एका बाजूस प्रत्येक चौकटीत एक आकृती, तर दुसऱ्या बाजूस दोन. काहींत आकृतीची जागा पाहावी लागते. आणखी काही कोडी अशी आहेत, की तेथे एकटी आकृती पाहून काहीच कळत नाही. दोन आकृत्यांमधील संबंध पाहावा लागतो. एका कोड्यात प्रत्येक चौकटीत एका आकृतीच्या आत दुसरी आकृती आहे. डावीकडे आतील आकृतीला बाहेरच्या आकृतीपेक्षा कमी कोन आहेत, तर उजवीकडे अधिक. शेवटच्या, शंभराव्या कोड्यात रशियन वर्णमालेतील ‘आ’ आणि ‘बे’ ही दोन अक्षरे नाना वळणांनी काढलेली आहेत. निरनिराळ्या हातांनी लिहिलेला ‘क’ आपण जसा ओळखतो, तशीच ती ओळखावी लागतात.

अशा कोड्यांत पहिलाच अंदाज खरा ठरतो असे नाही. एक कल्पना सुचते. पाच चित्रांना ती लागू पडते आणि सहावे चित्र ती खोटी पाडते. मग ती निमूटपणे सोडून नवी कल्पना शोधावी लागते. आपल्या कल्पनेचा हट्ट न धरणे, हा शास्त्राचा पहिला पाठ ही कोडी शिकवतात.

बोंगार्ड यांना गिर्यारोहणाचीही आवड होती. १९७० साली त्यांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९७१ मध्ये, पामीरच्या पर्वतराजीत त्यांना मृत्यूने गाठले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ४६ वर्षांचे होते. आपली कोडी सोडविणारे यंत्र पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

परंतु त्यांची कोडी मागे उरली. १९७९ साली अमेरिकेतील विद्वान डग्लस हॉफस्टॅटर यांनी आपल्या एका गाजलेल्या ग्रंथात त्यांची ओळख करून दिली आणि ती जगभर पोहोचली. अनेकांनी त्याच धर्तीवर नवी कोडी रचली. २००६ साली हॅरी फाउंडॅलिस या संशोधकांनी ही कोडी सोडवू पाहणारी एक आज्ञावली सादर केली. तिला काही कोडी सुटली, पण पुष्कळशी सुटली नाहीत. त्यानंतर कितीतरी अधिक समर्थ यंत्रे निर्माण झाली. त्यांना खरोखर समजते की ती केवळ पाठ केलेले सांगतात, याची पारख करण्यासाठी संशोधक आजही बोंगार्ड यांच्या धर्तीची कोडी त्यांच्यापुढे ठेवतात.

बोंगार्ड यांच्या कोड्यांत चित्रे समोर असतात, पण त्यांत काय पाहावे हे सांगणारा कोणी नसतो. ते ज्याचे त्यालाच शोधावे लागते. दुसऱ्याने सांगितलेले उत्तर लवकर विसरते. स्वतः शोधलेला नियम मात्र पूर्वी कधी न पाहिलेल्या ठिकाणीही उपयोगी पडतो. यंत्राला शिकविता शिकविता बोंगार्ड यांनी ही गोष्ट माणसांनाही दाखवून दिली.