विषाचा माग काढणारा शिक्षक

भूमध्य समुद्रातील मिनोर्का बेटावर, माओन या बंदराच्या गावी १७८७ साली मॅथ्यू ऑर्फिला यांचा जन्म झाला. घराणे व्यापाऱ्याचे, ऑर्फिलांचे मन मात्र रसायनशास्त्रात रमले. वालेन्सिया व बार्सिलोना येथे शिकून ते शिष्यवृत्तीवर पॅरिसला आले. १८०८ साली स्पेन आणि फ्रान्स यांच्यात युद्ध पेटले आणि मायदेशाहून येणारा पैसा थांबला. तरीही त्यांनी नेटाने शिक्षण पुरे केले. १८११ मध्ये ते डॉक्टर झाले आणि रसायनशास्त्राचे खाजगी वर्ग घेऊ लागले.

१८१३ मधील अशाच एका वर्गात त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. सोमल कोणत्याही पेयात मिसळला तरी तो ठरावीक रंगाच्या साक्यावरून ओळखता येतो, असे तत्कालीन ग्रंथ सांगत. विद्यार्थ्यांना ते दाखवावे म्हणून ऑर्फिलांनी सोमल कॉफीत मिसळून प्रयोग केला. अपेक्षित पांढरा साका पडलाच नाही. हात चुकला असे सांगून त्यांनी वेळ मारून नेली नाही. इतर विषे, इतर पेये घेऊन त्यांनी पुन्हा पुन्हा पडताळा पाहिला. ग्रंथांतील खुणा जागोजागी फसल्या. अशाच खुणांवर विसंबून न्यायालये माणसांचे प्राण घेत किंवा वाचवीत होती!

या अस्वस्थतेतून विषांवरील त्यांचा महाग्रंथ १८१४ पासून प्रसिद्ध झाला आणि विषशास्त्राचा पाया घातला गेला. त्यासाठी असंख्य कुत्र्यांवर केलेले प्रयोग आज मनाला व्यथित करतात. सोमल जठरात न थांबता यकृतादी अवयवांत पोहोचतो, हेही त्यांनी पुढे सिद्ध केले.

१८४० साली पतीला सोमल दिल्याच्या आरोपावरून मारी लाफार्ज हिच्यावर त्यूल येथे खटला चालला. स्थानिक तज्ज्ञांचे निष्कर्ष परस्परविरोधी आले, तेव्हा ऑर्फिलांना पाचारण झाले. जेम्स मार्श यांनी १८३६ मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी त्यांनी त्या तज्ज्ञांसमक्ष केली. मृतदेहात सोमल सापडला. तो वापरलेल्या रसायनांतून किंवा कबरीच्या मातीतून आलेला नाही, याचीही त्यांनी खात्री करून घेतली. मारीला जन्मठेप झाली. या निष्कर्षावर पुढेही वाद झडले.

मानवी हाडांत निसर्गतःच सोमल असतो, असे ऑर्फिलांनी स्वतः मांडले होते. नंतरच्या प्रयोगांत ते टिकले नाही, तेव्हा त्यांनी ते मत सोडून दिले. १८३१ ते १८४८ ते पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेचे अधिष्ठाता होते. १८५३ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या साऱ्या कार्याचा उगम मात्र विद्यार्थ्यांसमोर फसलेल्या त्या एका प्रयोगात होता.